घरची अडचण

मामा माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटकडे बघत. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी टाइम ऑफिसच्या पायरीवर ते उभे असायचे. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, डोक्याला मागे सरकलेली टोपी. एकेक मोटारसायकल फाटकातून आत आली की विचारायचे, "एकटंच?" शब्द एकच, पण तो असा काही विचारायचे की नवा माणूस दचकून मागे वळून बघायचा, वाटेत काही पडलं-बिडलं की काय. जुने लोक हसून म्हणायचे, "व्हय मामा, एकटाच." त्यावर मामांचं ठरलेलं, "का बाबा, गल्लीत दुसरं माणूस नाय का ऱ्हायलं?"

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते घ्यायचं कुणालाच सुचत नसे. मोठ्या साहेबांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळ्यांचे ते मामाच. आधी दहा-बारा वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली होती. गुडघे गेले म्हणून ती सोडली आणि चितेगावच्या आमच्या फॅक्टरीत टाइमकीपर म्हणून लागले. कंडक्टरकी सुटली तरी अंगातून गेली नव्हती. रिकामी सीट दिसली की त्यांना चैन पडायचं नाही.

मी मूळचा कन्नड गावचा, पण राहायला शहरात. तेव्हा आमच्या शहराला औरंगाबादच म्हणत. फॅक्टरीत कार्मिक अधिकारी म्हणून लागलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो, आणि खोटं कशाला बोलू, नोकरीपेक्षा नव्या मोटारसायकलची ऐट मला जास्त होती. पहिल्याच दिवशी मामांनी मलाही विचारलं, "एकटंच, साहेब?" मी तोऱ्यात म्हणालो, "मग, वरात आणू?" ते हसले नाहीत. "ऱ्हाता कुठं?" म्हणाले. उस्मानपुऱ्यात, म्हटलं. दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या चौकात आमच्या लॅबमधले एक पोक्त गृहस्थ डबा घेऊन माझी वाट बघत उभे. "मामा म्हणाले, तुम्ही याच रस्त्यानं जाता." आता काय करता? बसवलं. चितेगाव येईपर्यंत ते मला आपल्या पित्ताबद्दल सांगत होते. दुसऱ्या दिवशीही पित्तच. मला मामांचा असा राग आला की विचारू नका. हा माणूस माझ्या खात्यातला, माझ्या हाताखालचा, आणि माझ्या गाडीवर कोण बसणार हे हा ठरवणार? पण सहा महिन्यांनी ते गृहस्थ रजेवर गेले तेव्हा रस्ता लांब वाटायला लागला, हेही सांगून टाकतो.

पाळ्या लावायची मामांची रीत जगावेगळी होती. आधी पाळ्या मशीनप्रमाणे लागायच्या. एकाच गावचे दोघे, एक पहिल्या पाळीला आणि एक दुसऱ्या, म्हणजे दोघांच्या दोन गाड्या. मामांनी ते बंद केलं. महिन्याच्या अखेरीस ते टेबलावर चिंचोके मांडून बसायचे. एक चिंचोका म्हणजे एक माणूस. हे बिडकीन, हे ढोरकीन, ही पलीकडची वस्ती, असे ढीग करायचे आणि मग एकेक ढीग उचलून पाळीत टाकायचे. सुपरवायझर कुरकुरले की म्हणायचे, "तुमचं मशीन हलत नाय, ते जागच्या जागी ऱ्हातं. माणसाला घरून यावं लागतं." मी हे सगळं जरा हसण्यावारीच नेत असे.

एकदा मात्र ते चांगले फसले. बिडकीनकडचे दोघे, एकाच आडनावाचे, एकाच गल्लीतले. मामांनी दोघांना एका पाळीत टाकलं आणि सांगितलं, आजपासून एका गाडीवर या. दोघेही मान खाली घालून "बरं" म्हणाले. आठ दिवस ते रोज एका गाडीवर आले. पुढचा पुढे बघतोय, मागचा रानाकडे तोंड करून बसलाय. नवव्या दिवशी कुणीतरी मामांना सांगितलं की ते सख्खे चुलतभाऊ आहेत आणि बांधाच्या भांडणावरून सात वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. मामांनी कपाळावर हात मारला. दोघांना बोलावून म्हणाले, "अरे, सांगायचं नाय का?" त्यातला थोरला म्हणाला, "तुमी इच्यारलंच कुठं, मामा?" दोघांची जोडी त्यांनी लगेच मोडली. मला म्हणाले, "कागदावर पत्ता असतो साहेब, भांडण नसतं. माझी चूक झाली. इच्यारायला पायजे व्हतं." तेव्हापासून चिंचोके मांडायच्या आधी ते एकेकाशी बोलून घ्यायला लागले.

फॅक्टरीची एक बस होती. पैठणच्या बाजूने, ढोरकीन-बिडकीन करत ती यायची. मी लागायच्या आधी ती गच्च भरून यायची म्हणे; पण मोटारसायकली हप्त्यावर मिळायला लागल्या आणि एकेक गडी बसमधून उतरून गाडीवर बसला. पन्नास माणसांच्या बसमधून चौदा माणसं उतरायला लागली. त्यातल्या नऊ पॅकिंग खात्यातल्या बायका. आमचे मोठे साहेब पुण्याहून बदलून आलेले, माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या केबिनची खिडकी नेमकी बस थांबायच्या जागेसमोर. रोज ती रिकामी बस बघून बघून एक दिवस त्यांनी मला आणि मामांना बोलावलं आणि सांगितलं, पुढच्या महिन्यापासून बस बंद. ज्यांच्याकडे गाड्या आहेत ते गाडीवर येतातच आहेत, बाकीचे आपली सोय बघतील.

ही बातमी पॅकिंगमध्ये पोचायला अर्धा तासही लागला नाही. त्या नऊजणींत कौसाबाई थोरली. धनगराच्या घरातली, सासरचे अजून मेंढरं घेऊन हिंडायचे. घराबाहेर पडून फॅक्टरीत जायला तिला परवानगी मिळाली ती केवळ बस दारासमोरून जाते म्हणून. ती टाइम ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. "मामा, बस बंद झाली म्हंजी आमी बंद." मी मध्येच म्हणालो, जीपा आहेत की काळ्या-पिवळ्या, दर दहा मिनिटाला जातात. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीत आखडलोच. "हायेत की साहेब. पंधरा माणसं कोंबत्यात. कुणाच्या मांडीवर बसून येऊ, सांगा." मामांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, परत घातली आणि सरळ मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी एक महिना मागून आणला होता. महिनाभरात बसमध्ये तीस माणसं रोज दिसली तर बस राहील, नाहीतर नाही.

मला वाटलं, हे माझं काम. मी एक झकास सूचना लिहिली. इंधनाची बचत, प्रदूषण, राष्ट्रीय कर्तव्य, सगळं होतं तिच्यात. टाइप करून फळ्यावर लावली. मामांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली. "लई चांगलं लिवलंय साहेब," म्हणाले. "कुणासाठी?" मी फणकारलो. पण चार दिवसांत तिच्यामुळे एक माणूस बसमध्ये वाढला नाही, हे खरं.

मामांनी दुसराच उद्योग आरंभला. जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन एकेका मोटारसायकलवाल्याच्या शेजारी जाऊन बसायचे. मला वाटत होतं, लोक ऐटीसाठी गाडीवर येतात. मी स्वतः त्यातलाच. मामांना निराळंच ऐकायला मिळालं. एकाची आई अंथरुणाला खिळलेली. एकाच्या बायकोला दिवस गेलेले. एकाच्या घरी पोरं लहान आणि मोठं माणूस कुणी नाही. बस सकाळी आणते आणि पाळी सुटल्यावर नेते. मधल्या वेळी घरून फोन आला तर जायचं कसं? दुपारची एसटी सापडली तर सापडली. गाडी फाटकात उभी असली म्हणजे जिवाला बरं वाटतं. "साहेब," मामा मला म्हणाले, "आपल्याला वाटतं माणूस मोटारसायकलवर येतो. तो घोर घेऊन येतो. तेवढा घोर काढा, उतरतो का नाय बघा खाली."

आणि त्यासाठी त्यांनी काय मागावं? मोठ्या साहेबांची पांढरी मोटार. ती दिवसभर झाडाखाली उभी असायची. मी तिथे होतो, म्हणून सांगतो. मामा म्हणाले, "बसनं येणाऱ्याच्या घरी दुपारी काही अडचण आली, तर ही गाडी त्याला घरी सोडंल, एवढी जबान द्या." साहेब आधी बघतच राहिले, मग हसले. "मामा, महिन्यात असं कितीदा होणार? एकदा? दोनदा? द्या जबान." मी लगेच सूचनेचा मसुदा केला. अडचण म्हणजे काय ते नीट लिहिलं: आजारपण, अपघात, मृत्यू. मामांनी लाल पेन काढलं आणि ती तिन्ही नावं खोडली. "यादी नका करू साहेब. 'घरची अडचण' एवढंच ठेवा." यात घोळ होईल, मी म्हटलं. "होऊ द्या," म्हणाले. दुपारची वेळ होती, वाद घालायचा कंटाळा आला. मी सही केली.

मामा एवढ्यावर थांबले नाहीत. दोघं मिळून एका गाडीवर येतील त्यांना फाटकाजवळचं पत्र्याचं शेड दिलं. एकट्याने येणाऱ्याची गाडी लांब, उन्हात. पाळी सुटायची वेळ आणि बस सुटायची वेळ यांत दहा मिनिटं ठेवली, म्हणजे हातपाय धुऊन माणूस निवांत बसेल. चौदाची बावीस झाली. तिथे मात्र गाडं अडलं. लोक मोटारीकडे बघायचे आणि म्हणायचे, "साहेबाची गाडी आपल्याला? कुणाला तरी मिळू द्या आधी." मुदतीचे आठ-दहा दिवस उरले. कौसाबाई रोज उतरताना माणसं मोजायची आणि आत जायची. तिच्याकडे बघवत नव्हतं. मामा दिवाळीत रिटायर होणार होते. चांगल्या माणसाला कंपनी दोन वर्षं वाढवून द्यायची, आणि त्यांचा तसा अर्जही माझ्या टेबलावर होता. पण त्या आठवड्यात त्यांनी त्याचं नावसुद्धा काढलं नाही.

त्या बुधवारी सकाळी अकराच्या पुढे टाइम ऑफिसात फोन आला. बिडकीनच्या एका किराणा दुकानातून. आमच्या प्रेसवर काम करणारा बाबुराव नुकताच, मामांच्या भिडेखातर, बसने यायला लागला होता. निरोप त्याच्यासाठी होता: म्हैस अडली आहे, रेडकू अर्धं येऊन थांबलंय, बायको एकटी आहे, लवकर या. बाबुराव धावत टाइम ऑफिसात आला, तोंड पांढरंफटक. आणि नेमकी त्याच वेळी पांढरी मोटार धुऊन-पुसून तयार उभी होती. चिकलठाण्याच्या विमानतळावर दिल्लीचे पाहुणे उतरायचे होते, मोठं काम मिळायचं होतं त्यांच्याकडून. मामांनी ड्रायव्हरला हाक मारली. "बाबुरावला घरी सोड. वाटेत बिडकीनच्या दवाखान्यातून गुरांच्या डॉक्टरला घे." ड्रायव्हर म्हणाला, "मामा, म्हशीपायी?" मामा म्हणाले, "घरची अडचण हाय. नीघ."

पाहुणे तासभर विमानतळावर ताटकळले आणि शेवटी रिक्षाने आले. तिघं जण, मांडीवर बॅगा घेऊन. साहेब स्वतः फाटकात उभे होते. त्यांचा चेहरा मी आजही विसरलो नाही. पाहुणे आत गेल्यावर त्यांनी मामांना विचारलं, गाडी कुठे आहे? मामांनी सांगितलं. "म्हैस?" साहेब म्हणाले. "म्हैस ही घरची अडचण?" जेवणाची सुट्टी झाली होती, निम्मी फॅक्टरी उभी राहून ऐकत होती. मामा आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, त्याच्या घरचं दूध तिच्यावर हाय. अडचण कोणती ते घरच्या माणसानं सांगायचं. ते बी आपणच ठरवायला लागलो, तर आपल्या जबानीवर बसमधी कोण बसंल?" साहेब माझ्याकडे वळून फक्त म्हणाले, "मेमो द्या."

मेमो मी लिहिला. आता लपवून काय करू? चांगला लिहिला. 'वरिष्ठांच्या परवानगीविना वाहनाचा गैरवापर', 'कंपनीच्या प्रतिष्ठेस बाधा', असे शब्द मला तेव्हा छान जमायचे. मेमो असलेल्या माणसाला मुदतवाढ मिळत नाही हे मला पाठ होतं, कारण तो नियम माझ्याच खात्याचा. 'घरची अडचण' या सूचनेवर माझीही सही आहे, हे मी साहेबांना सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. मामांनी कागद वाचला, निळं पेन काढलं. "साडेअकरा लिवलंय साहेब, अकरा पंचवीसला गेली गाडी. गेटवर नोंद हाय." वेळ दुरुस्त केली, शेजारी आद्याक्षरं घातली आणि खाली सही केली. मी मान वर केली नाही.

म्हैस वाचली. वगार झाली. शुक्रवारी बाबुराव मोठ्या डब्यात खरवस घेऊन आला. मामांनी त्यातला वाटा एका वाटीत काढून मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये पाठवला. वाटी रिकामी परत आली. मलाही दिला. तो मी खाल्ला.

सोमवारी बस आली. मी फाटकातच होतो. दार उघडलं आणि माणसं उतरायला लागली ती थांबेचनात. दारात उभं राहून आलेले होते काही. एकमेकांशी सात वर्षं न बोलणारे ते दोघे चुलतभाऊही होते, एक पुढच्या बाकावर, एक मागच्या. त्यातल्या थोरल्याला मी विचारलं, काय रे, गाडी विकली की काय? तो म्हणाला, "म्हशीला गाडी दिली साहेब मामांनी. माझ्या आईला नाय का देणार?" सगळ्यात शेवटी कौसाबाई उतरली. तिने माणसं मोजली नाहीत. ती टाइम ऑफिसपाशी थांबली, मामांच्या पायांना हात लावला आणि पदराने डोळे पुसत पॅकिंगमध्ये गेली. साहेब खिडकीत उभे होते. बस बंद करायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि पांढरी मोटारही काढून घेतली नाही. मेमो मात्र फाइलमध्ये राहिला. तो काढा असं मी त्यांना म्हटलं नाही, आणि त्यांना आपणहून सुचलं नाही.

दिवाळीत मामा रिटायर झाले. नारळ, शाल, चार भाषणं. त्यातलं एक माझं. मुदतवाढीच्या अर्जावर 'विचार करता येत नाही' असा शेरा मीच लिहिला होता आणि भाषणात मी त्यांच्या निष्ठेचं कौतुक केलं. टाळ्याही पडल्या.

पुढे पाच-सहा वर्षांनी बीडला एका लग्नाला निघालो होतो. पाचोडला बाजाराचा दिवस होता, गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. मामा पाचोडचे हे आठवलं आणि उतरलो. विचारत विचारत गेलो. घराच्या ओट्यावर ते पाय पसरून बसले होते. गुडघ्यांना तेल लावलेलं, केस पार पिकलेले. मला ओळखून उठायला लागले, मी उठू दिलं नाही. सुनेने ताक आणलं. मी फॅक्टरीच्या बातम्या सांगितल्या: आता दोन बसेस झाल्या, कौसाबाईची सूनही पॅकिंगला लागली. मामा ऐकत होते, हसत होते. म्हणाले, "लई चांगलं झालं."

इतकी वर्षं जे मनात होतं ते मग तोंडातून निघालं. म्हटलं, "मामा, त्या दिवशी माझी खोली तुमच्यापासून वीस पावलांवर होती. मी आत बसलेलो होतो. मला एका शब्दाने का नाही विचारलं? विचारलं असतं तर सगळं तुमच्या एकट्याच्या अंगावर आलं नसतं."

मामांनी गुडघा चोळायचं थांबवलं. "इच्यारलं असतं तर तुम्ही काय म्हणले असते?"

मी ताकाचा पेला खाली ठेवला.

"नाय म्हणले असते," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता. उलट समजूत घातल्यासारखं बोलत होते. "मंग म्हैस मेली असती, बस गेली असती, त्या बाया घरी बसल्या असत्या, अन् ते समदं तुमच्या नावावर गेलं असतं. तुमची उमर काय व्हती तवा? सत्तावीस. लई वरसं वागवावं लागलं असतं, साहेब. माझं काय, मला सहाच महिने काढायचे व्हते. म्हणून नाय इच्यारलं. प्या, ताक प्या."

मी ताक प्यालो आणि निघालो. त्या गोष्टीला आता किती वर्षं झाली. मामाही राहिले नाहीत. मी मात्र अजून स्वतःला विचारतो, आणि दर वेळी उत्तर तेच येतं. मी नाहीच म्हणालो असतो. पांढरी मोटार विमानतळावर गेली असती, आणि दुपारी मी नेहमीसारखा डबा उघडून जेवलो असतो.